शिट्टी झाल्यावर

जालन्यात रग्बीचा क्लब होता असं मी सांगितलं की लोक हसतात. "हुतुतूचा असंल," म्हणतात. हुतुतूचे आखाडे गल्लोगल्ली होते, ते वेगळे. आमचा क्लब रग्बीचाच होता आणि तो साडेपाच वर्षं चालला. मी त्याचा चिटणीस होतो. हजेरीबुक माझ्याकडे असायचं. कोण आलं, कोण किती वेळा धावून गेलं, कुणाचा गुडघा फुटला, सगळं मी बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहीत असे. पुढं ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो मला 'मुन्शी' म्हणायचा ते त्या बुकामुळंच.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली होती. शाळेत उर्दू जाऊन मराठी आली होती. मी मॅट्रिक होऊन तहसिलीत उमेदवारी करत होतो. स्टेशनाच्या अंगाला रेल्वेचे जे दोन-तीन बंगले होते त्यांतल्या एकात एक अँग्लो-इंडियन साहेब राहायचा. रूळ बघायचं काम त्याच्याकडे होतं. चार माणसं ट्रॉली ढकलायची आणि हा वर छत्री लावून बदनापूरपर्यंत जाऊन यायचा. बायको वारलेली, मुलं समुद्रापार गेलेली. संध्याकाळी तो कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या मैदानात एकटाच एक लांबट चेंडू लाथाडत असे. चेंडू आपटला की कुठं उडेल याचा नेम नाही. आम्ही पोरं कडेला उभं राहून बघायचो आणि चेंडू भलतीकडं गेला की आणून द्यायचो. असं महिनाभर झालं. मग एक दिवस त्यानं चेंडू परत घेतलाच नाही. म्हणाला, "हाथ में लेके भागो. मगर फेंकना पीछे. आगे कभी नहीं."

एवढ्या दोन वाक्यांवर आमचा क्लब सुरू झाला.

गावानं त्याला 'पपईचा खेळ' नाव दिलं. खेळाडू सगळीकडचे होते. ट्रॉली ढकलणारे दोघं, अडत बाजारातले तीन हमाल, एक शिंपी, शाळेतला ड्रिल मास्तर, माझ्यासारखे दोन-चार कारकून आणि जिनिंगवरची आठ-दहा पोरं. हुतुतू खेळलेल्या माणसाला पळत्याला धरून पाडायचं शिकवावं लागत नाही, म्हणून साहेब खूश असायचा. मैदानाच्या दोन टोकांना उंच बांबू आणि मध्ये आडवा बांबू बांधून गोल केले होते. सकाळी त्यांच्यावर शेजारच्या वस्तीतल्या बायका लुगडी वाळत घालायच्या; सरावाआधी ती काढून नीट घडी घालून ठेवायचं काम आमच्यातल्या धाकट्यांवर होतं. दोन्हीकडची आठ-आठ माणसं खांद्याला खांदा लावून वाकायची, डोकी एकमेकांत घालून रेटायची, त्याला आम्ही 'कोंडाळं' म्हणत असू. पलीकडच्या टोकाला जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की 'टेकवलं!' असं सगळे एकदम ओरडायचे.

साहेबाकडे नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचून मराठीत समजावून सांगायचं काम माझं. त्यामुळं माझी अशी समजूत झाली होती की हा क्लब खरा माझा आहे. खेळात मी बेताचाच होतो. कोंडाळ्यात रेटायला बरा, पळायला जड.

पळणारा दुसरा होता. तो पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणायचे; मीही. माझ्याच वयाचा, उंच, काटक. जुन्या जालन्यात आई आणि तो असे दोघंच राहायचे. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत त्याचे वडील घरातून गेले ते परत आले नाहीत. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि मी कधी विचारलं नाही. वडील उर्दू पाट्या लिहायचे. त्यांचे ब्रश त्याच्याकडं आले, पण आता सगळ्यांना पाट्या मराठीत पाहिजे होत्या. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मुन्शी, मला 'क्ष' आन् 'ज्ञ' येत न्हाईत. बाकी जमतंय बराबर." मी त्याला पाटीवर काढून दाखवले. दोन महिन्यांत त्याचं अक्षर माझ्यापेक्षा देखणं झालं. कापडाची दुकानं, दवाखाना, चहाची हॉटेलं, अर्ध्या बाजारावर त्याच्या हातची पाटी होती. शिडीवर चढून, मान मागं टाकून, उजवा हात डोक्याच्याही वर नेऊन तो तासन् तास लिहायचा. हात हलायचा नाही.

आणि मैदानात तोच पहिला. चेंडू त्याच्या काखेत गेला की पुढं कुणाचा हात त्याला लागायचा नाही. साहेबानं त्याला कप्तान केलं तेव्हा त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, तेव्हा.

पंचावन्न साली माझं लग्न ठरायला लागलं. मुलगी वडीगोद्रीची. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या मामांनी माझी तारीफ सुरू केली. नोकरी सांगितली, पगार सांगितला, मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "शिवाय आमचा भाचा इंग्रजी खेळाच्या क्लबाचा कप्तान हाय. साहेब लोकांशी उठबस असती."

मी पोहे खात होतो. 'कप्तान नाही, चिटणीस,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिलो. मुलीचा भाऊ समोर बसला होता. चांगला तालमीत कमावलेला गडी, हुतुतू खेळणारा. तो एकदम सरसावून बसला.

"मंग कधी मॅच असंल तर कळवा की आमाला," तो म्हणाला. "मी येईन बघायला."

"कळवतो," मी म्हणालो.

मॅच तशी कधी नसायचीच. आमच्याशी खेळायला आसपास दुसरा क्लब कुठं होता? आम्हीच दोन तुकड्या करून आपसात खेळायचो. त्यामुळं मी निर्धास्त होतो. पण त्याच माघात साहेब नाचत मैदानात आला. पूर्णा जंक्शनवर त्याच्या ओळखीचे ड्रायव्हर-फिटर लोक होते, त्यांनी एक टीम जमवली होती आणि ती रविवारी गाडीनं जालन्याला येणार होती. आमच्या क्लबाची ती पहिली खरी मॅच. पुढं कळलं की शेवटचीही. गावात दवंडी दिल्यासारखी बातमी पसरली आणि माझ्या मामांनी मला न विचारता वडीगोद्रीला निरोप धाडला. मुलीचा भाऊ रविवारी सकाळच्या मोटारीनं येणार होता.

सोमवारपासून मला जेवण गोड लागेना. सगळ्यांसमोर साहेब पेंटरचा हात धरून नाणेफेकीला नेणार, पाहुणे मला विचारणार, मग मामा खोटे पडणार, मी खोटा पडणार, लग्न मोडणार. मनात एवढंच फिरत राहायचं. यातून सुटायचा सरळ रस्ता अगदी समोर होता. तो मला दिसला नाही असं मी म्हणत आलो आहे. खरं म्हणजे तो रस्ता पेंटरच्या दारावरून जात होता आणि त्याच्याकडं काही मागायचं माझ्या जिवावर येत होतं. ज्याला मी 'क्ष' शिकवला त्याच्याकडं मागायचं? त्यात मंगळवारी सरावात त्यानं साहेबाला हसत सांगितलं होतं, "साहेब, मुन्शी कोंडाळ्यातच बरा. त्याला पळायला नका लावू, मैदान खचंल." सगळे हसले. मीही हसलो.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा सराव होता. पाऊस होऊन चार महिने झालेले, मैदान दगडासारखं टणक. पेंटर चेंडू घेऊन माझ्या बाजूनं निघाला. कुणाचा तरी पाय रेषेबाहेर गेला आणि साहेबानं शिट्टी वाजवली.

शिट्टी मी ऐकली. चांगली लांब शिट्टी होती. पेंटरनंही ऐकली, कारण तो लगेच थांबला. अंग सैल सोडून उभा राहिला आणि चेंडू साहेबाकडं द्यायला त्यानं उजवा हात लांब केला. मी त्याच्या मागं सात-आठ पावलांवर होतो. मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. उलट जोरात पळालो, आयुष्यात कधी पळालो नव्हतो इतका, आणि त्याचा तो लांब केलेला हात धरूनच त्याच्यावर उडी घेतली. आम्ही दोघं पडलो. तो खाली, त्या खांद्यावर, मी वर.

आवाज झाला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा.

ओरडला नाही तो. तोंड उघडं, श्वास अडकलेला, डोळे माझ्याकडं. सगळे धावत आले. साहेबानं त्याला सरळ केलं, सदरा फाडून खांदा बघितला आणि मग माझ्याकडं वळला.

"सीटी नहीं सुनी तुमने?"

"नहीं साहब."

 तेवढ्यात खालून पेंटरच म्हणाला, दात आवळून, तुटक तुटक: "जिनिंगचं इंजिन चालू हाय साहेब... त्याला ऐकू आलं नसंल... जाऊ द्या."

जिनिंगचं इंजिन अर्ध्या तासापूर्वीच बंद झालं होतं. साहेबानं मान वळवून धुराड्याकडं पाहिलं. धूर नव्हता. 

त्यानं खिशातून कागद काढून रेल्वेच्या औरंगाबादच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, ती मला बाजूला घेऊन माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "सुबह की पहली गाड़ी से इसको ले जाना. तुम ले जाना." आम्ही चौघांनी पेंटरला टांग्यात घालून घरी नेलं. त्याच्या आईनं दार उघडलं. तिनं रडारड केली नाही. उंबऱ्यात उभी राहून मुलाच्या खांद्याकडं बघितलं आणि मलाच म्हणाली, "बेटा, पहलवान के पास ले चलो. उनका हाथ अच्छा है."

जुन्या जालन्यात एक म्हातारा पहिलवान हाडं बसवायचा. गावात निम्म्या लोकांची हाडं त्यानंच बसवलेली. त्यामुळं तिचं म्हणणं काही वेडं नव्हतं. पण माझ्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. दवाखान्यात नेलं तर तिथं विचारणार, कसं लागलं, कुणी पाडलं; साहेबाला पुन्हा विचारणार; सगळं कागदावर येणार. मी तिला चिठ्ठीचं सांगितलंच नाही. "चला," म्हणालो.

पहिलवानानं त्याच्या काखेत टाच रोवली आणि हात ओढला. तेव्हा मात्र पेंटर ओरडला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यानं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. नंतर अंड्याचा पांढरा बलक, आंबेहळद आणि बांबूच्या कामट्या यांची पट्टी बांधली. एकवीस दिवस हलवायचं नाही. त्या दिवसाचं पान मी घरी येऊन भरलं. 'गुरुवार. सराव. पेंटर यांस अपघाताने खांद्यास मार.' 'अपघाताने' हा शब्द आधी राहिला होता. तो मी वर खूण करून मागाहून घातला.

आईच्या हट्टानं पहिलवानाकडं नेलं, असं मी साहेबाला सांगून टाकलं होतं. रविवारी सकाळी साहेब म्हणाला की मॅच रद्द करू. पेंटर आईची ओढणी गळ्यात बांधून, हात त्यात अडकवून टांग्यातून आला होता. तो म्हणाला, "रद्द बिलकुल नका करू साहेब. लोक गाडी धरून आलेत. मुन्शीला कप्तान करा. नियम त्यालाच सगळे पाठ हायेत."

मी कप्तान झालो, ते त्याच्या शिफारशीवर.

मॅचचं फार सांगण्यासारखं नाही. पूर्णेचे लोक आमच्यापेक्षा दुप्पट जाड होते. त्यांनी पाच वेळा टेकवलं, आम्ही एकदा, तेही एका हमालानं तिघांना अंगावर घेऊन. एकदा माझ्या हातात चेंडू आला, पुढं कुणी नव्हतं, आणि तो माझ्या हातून सुटला. कडेला बसून पेंटर ओरडत होता, "डावीकडं दे! मागं बघ मुन्शी, मागं!" घसा बसेपर्यंत ओरडला. आम्ही हरलो तरी गावानं टाळ्या वाजवल्या. एका अडत्यानं माझ्या गळ्यात हार घातला आणि कानाशी म्हणाला, "झालं ते बरंच झालं. कप्तान आपल्यातला असला म्हंजी शोभतं." मी हार नीट केला.

मुलीचा भाऊ खुशीत होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमचा खेळ लई दांडगा हाय बुवा." मग कडेला बघून त्यानं विचारलं, "ते कोण हो? हात बांधलेले? लई ओरडून राह्यले होते."

पेंटर चार हातांवर होता. ऐकू येईल इतका जवळ.

"ते व्हय?" मी म्हणालो. "आमच्या क्लबाचा पेंटर हाय. सदऱ्यांवर नंबर टाकतो."

पेंटरनं डावा हात कपाळाला लावला. "सलाम पाव्हणं," म्हणाला. आणि हसला. मी काय केलं ते त्याला कळलं की नाही हे मला त्या हसण्यावरून सांगता आलं नाही.

लग्न ठरलं, त्याच वैशाखात झालं. माझी मंडळी संसाराला चांगली मिळाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. कप्तान नवरा मिळाला एवढंच तिच्या माहेरी माहीत होतं.

एकवीस दिवसांनी पट्टी सुटली तेव्हा पेंटरचा हात खांद्याच्या बरोबरीला आला आणि तिथं थांबला. वर जाईना. सगळ्यांनी सांगितलं, तेल लाव, होईल मोकळा. दोन महिने झाले, चार झाले. एक दिवस मी कचेरीतून येताना बाजारात शिडीवर त्याला पाहिलं. कापड दुकानाची पाटी होती. डाव्या हातानं उजवं कोपर खालून वर ढकलून धरलं होतं आणि तशा हातानं तो लिहीत होता. 'वस्त्र भांडार' यातलं 'वस्त्र' झालं होतं. रंगाचा ओघळ 'स्त्र'वरून खाली आला होता. खालून दुकानदार म्हणत होता, "राहू दे बाबा, उतर. औरंगाबादचा माणूस येणार हाय, त्याला सांगतो मी." पेंटर उतरला. मी पानाच्या दुकानाआड झालो आणि तो गेल्यावर बाहेर आलो.

साहेबाची बदली झाली, मग तो देश सोडून गेला असं ऐकलं. निघताना त्यानं चेंडू ट्रॉलीवाल्यांना दिले आणि नियमांचं पुस्तक मला. "किताब तुम रखो," म्हणाला. "रूल तो तुमको सब मालूम है." मी मान खाली घालून पुस्तक घेतलं.

साहेब नाही, पेंटर पळणारा नाही, मग क्लब किती दिवस चालणार? लोक येईनासे झाले. चेंडूचा ब्लॅडर फुटला, तसला दुसरा कुठं मिळेना. गोलाचे बांबू कुणीतरी मांडवाला नेले. मैदानात व्हॉलीबॉलची जाळी आली. छप्पन्न साली मी हजेरीबुकात शेवटची ओळ लिहिली तेव्हा आम्ही चौघं हजर होतो. त्याआधीच पेंटर आईला घेऊन बदनापूरला गेला होता. तिथं त्याच्या मामाचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. पेट्यांवर नावं आणि फुलं काढायची, ती मांडीवर घेऊन काढता येतात.

जालन्याहून बदनापूर रेल्वेनं पाऊण तास. चार वर्षांत मी एकदाही गेलो नाही.

साठ साली नवं राज्य झालं. कचेरीच्या पाट्या पुन्हा लिहायचा हुकूम आला. तोवर मी वरच्या जागेवर गेलो होतो, काम कुणाला द्यायचं ते माझ्या हातात होतं. मला पेंटर आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे. त्याला मी विसरलोच नव्हतो. पण आता जायला एक कारण मिळालं. पाट्या काढून टेबलावर ठेवून रंगवायच्या, शिडीचा प्रश्न नाही. त्याला चांगलं काम द्यायचं आणि मग सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. काम आधी, सांगणं नंतर, हा क्रमही मी ठरवूनच ठेवला होता.

दुकान स्टेशनाच्या रस्त्यावरच होतं. दुपारची वेळ. पेंटर जमिनीवर बसून एका हिरव्या पेटीवर गुलाब काढत होता. मला बघून ब्रश घासलेटच्या डब्यात टाकला आणि उठला.

"अरे मुन्शी! या, या. किती सालानं! बस." त्यानं पोराला चहाला पिटाळलं. थोडा जाड झाला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. माझ्या बायकोची, मुलांची विचारपूस केली. क्लबाच्या एकेकाची आठवण काढली. त्या हमालानं टेकवलेलं सांगताना तर तो उभाच राहिला. मी पाट्यांचं काम सांगितलं. त्याला आनंद झाला.

"सरकारी काम? मंग तर खास अक्षर काढतो. तूच शिकवलेलं." 

चहा आला. मी कपाला हात लावला नाही. म्हणालो, "तुला एक सांगायचंय. त्या गुरुवारी शिट्टी मला ऐकू आली होती."

त्याला कळलं नाही. "कोणत्या गुरुवारी?"

"तुझा हात मोडला त्या दिवशी. इंजिन बंद होतं. शिट्टी मी ऐकली होती. तू थांबलास तेही बघितलं होतं. मी मुद्दाम पाडलं."

 त्याच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू काढायचं राहून गेलं होतं.

"कशाला पर?"

मी सांगितलं. मुलीचा भाऊ, मामा, पोहे. सांगताना ते इतकं बारीक वाटायला लागलं की माझा आवाज खाली खाली गेला. चिठ्ठीचंही सांगितलं, औरंगाबादच्या डॉक्टरची.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "अरे, मला म्हणला असतास तर मी दिलं असतं की. एका दिवसाचं कप्तानपण. मला काय त्याचं?"

मी म्हणालो, "माफ कर मला."

तो खाली बसला. पेटी मांडीवर ओढली, ब्रश घेतला, परत ठेवला. मग बोलला, माझ्याकडं न बघता.

"हात गेला तवा लई रडलो मी. अम्मी म्हणली, अल्लाची मर्जी. मी मानलं. पाच साल ते मानून राह्यलो. कुणावर राग न्हाई, कुणाचा दोष न्हाई. झोप येती त्यानं. आता तू येऊन ते बी काढून घेतलंस." त्यानं मान वर केली. "कशाला आलास सांगायला? तुला हलकं वाटावं म्हणून?"

 कारण तेच होतं. आगगाडीत बसल्यापासून मी माझ्या हलकं होण्याचाच विचार करत आलो होतो. हे ऐकून त्याचं काय होईल, याचा एका स्टेशनापुरताही केला नव्हता.

"जा आता," तो म्हणाला. "पाट्या धाड. काम करीन, काम सोडणार न्हाई. पर तू आणू नको, दुसऱ्याकडून धाड."

मी उठलो. रस्त्यावर आलो, दहा-वीस पावलं गेलो असेन, तेव्हा मागून हाक आली. 'मुन्शी' नाही, माझं नाव घेऊन. त्यानं मला नावानं कधी हाक मारली नव्हती. मी वळलो. तो दुकानाच्या फळीवर उभा होता.

"अम्मीला सांगू नको," तो म्हणाला. "तिला अजून वाटतंय का तू त्या दिवशी लई धावपळ केलीस. नमाजानंतर तुझं नाव घेती ती."

गाडीला अडीच तास होते. मी फलाटावर बसून राहिलो. पाट्या शिपायाबरोबर पाठवल्या, त्या वेळेवर आल्या, अक्षर सुंदर होतं. त्याची आई पुढं सहा-सात वर्षांनी गेली. निरोप जुन्या जालन्यातल्या लोकांकडून कळला. मातीला जावं असं मनात आलं होतं, बायकोनंही जा म्हणून सांगितलं. मी कचेरीत काम आहे म्हणालो आणि गेलो नाही.